उणे एकवीस

तट्टे काढले.
पावसाकडच्या भिंतीला ज्येष्ठापासून टेकून टेकून
पिंजर काळी पडलेली, मधे उंदराचं अख्खं बिऱ्हाड.
अंगणात पसरून वाळवली. न्हाणीच्या चुलीला
पौषापर्यंत पुरेल. धूर होईल खरं.

वानरांनी सरकवलेली अकरा कौलं मोजून बसवली.
मी शिडीवर चढले म्हणून तुझी आई दिवसभर बोलली नाही.
दिवेलागणीला म्हणाली,
मागच्या अंगाची दोन राहिलीत.

भिरंडेल वितळवून करवंटीत ओतून ठेवलंय, टाचांना.
गाईसाठी पोत्याला बंद शिवले,
ती अंगावर ठेवून घेईल तर शपथ.
प्रणितचा शाळेचा स्वेटर कोपरापर्यंत वर चढलाय,
त्याला तुझ्या जुन्या मफलरच्या पट्ट्या जोडल्या.
रंग जुळत नाही.
तो म्हणाला, चालतंय की.

गंगव्वा पलीकडच्या कट्ट्यावरून ओरडली, चळी बंतु!
जशी कुणी पाहुणी नंदगडच्या स्टँडवर उतरली.
दुपारी आम्ही दोघी वाकळ घेऊन बसतो. ती कौदी म्हणते.
तिचा दोरा तिच्याकडून येतो, माझा माझ्याकडून,
मधे टाका कुणाचा सैल, यावरून भांडण.
तुझी एक पँट घातलीय आत, मळकट हिरवी, गुडघ्याला झिजलेली.
खिशात बसचं तिकीट निघालं, अक्षरं उडालेली.
काढलं नाही. त्याच्यासकट शिवून टाकलं.

रविवारी तुझा फोन.
मी म्हटलं, थंडी पडाय लागली.
तू हसलास. इथं उणे एकवीस आहे म्हणालास,
तहान लागायच्या आधी बर्फ वितळायला ठेवावा लागतो,
तुमच्या थंडीत आम्ही बनियनवर व्हॉली...
तिथं रेंज गेली.

उणे एकवीस म्हणजे किती, मला कुठनं कळणार?
आपल्याकडे उणं म्हणजे मापात, मानपानात.
प्रणितनं वहीवर आडवी रेघ मारली.
हा शून्य. आपण इकडं. पप्पा तिकडं.
उणे चौदाला पान संपलं.

परवा रुद्राप्पाच्या दुकानात कुणी दिसेना.
आइस्क्रीमच्या पेटीची काच सरकवली
आणि हात घातला, पार तळापर्यंत,
कडेला साचलेल्या बर्फावर तळवा टेकून उभी राहिले.
आकडे मोजत होते.
आधी भाजल्यासारखं झालं.
मग हाड दुखलं, एकेका बोटाचं वेगवेगळं.
बांगड्या मनगटाला चिकटल्या.
साठाच्या आसपास तो हात माझा नव्हता.

वैनी, काय पाहिजे होतं?
रुद्राप्पा तांदळाच्या पोत्यांआडून उठला, झोपेतनं.
दूध, म्हटलं. अर्धा लिटर.
दूध ह्या फ्रीजात असतंय, वैनी.
आपल्याकडे गाय आहे, त्याला ठाऊक आहे.
उजव्या हाताला नाणी धरता येईनात,
डाव्यानं दिले पैसे.
भवानीची वेळ नव्हती, की त्यानं बघूनही सोडलं,
कोण जाणे. घेतले.

वाटभर हात काखेत दाबून आले.
वडाजवळ मुंग्या आल्या, घराच्या पायरीला सुई टोचल्यागत,
मग आला परत.
तू कुठं ठेवतोस हात,
विचारायचं राहिलं.

काल वाकळ पुरी झाली.
शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी
गंगव्वानं भाकरीचा तुकडा आत सारला.
कौदीचं पोट रिकामं ठेवू नये ग,
मग ती माणसाची ऊब खाते.
आज उजाडता त्या कोपऱ्याला मुंग्यांची रांग.
झटकली, उन्हात टाकली.

तिघांच्या मापानं शिवायला घेतली होती.
अंथरून बघितली तर भिंतीकडे
एक माणूस मावेल एवढी उरते.
मागची दोन कौलं त्याच बाजूला आहेत.
उद्या चढते.