केळीचा चीक

निघत नाही, हे मला ठाऊक होतं.
तरी शर्ट उलटा केला, परातीवर ताणला
आन् लिंबू चोळत बसले.

अर्धापुरात कुणालाही विचारा,
केळीचा चीक लागताना पाण्यासारखा असतो.
माणूस घड खांद्यावर घेतो, गाडी भरतो,
घरी येऊन शर्ट खुंटीला लावतो.
दुसऱ्या दिवशी धुवून वाळवल्यावर
तो वर येतो, तपकिरी,
जन्मभर गप्प बसलेल्या माणसानं
जेवता जेवता एकदम काही बोलावं तसा.

शर्ट दिगंबरचा. पांढरा. शाळेच्या मीटिंगसाठी शिवलेला.
टेलरकडून घालूनच निघाला होता,
वाटेत गाडीवर एक माणूस कमी पडला.
गाडी दिल्लीची, ती कुणासाठी थांबती?

शमीमआपा म्हणाली, पाणी लावायच्या आधी रॉकेल लावायचं असतं.
आता पाणी लागलंय. रॉकेल तर
रेशनमधून कधीचंच गेलं.
चौत्रामावशी म्हणाली, आंबट ताकात घाल रातभर.
पोरगी मोबाईलमध्ये बघून म्हणाली, व्हिनेगर.
म्हणलं, ते कोणत्या दुकानात मिळतं गं, बाई?

लिंबू झालं. मीठ झालं. सोडा झाला.
भोवतीचं कापड लख्ख झालं,
डाग होता तिथंच, उलट जास्तच दिसायला लागला.

मग हात पुसले, पेटी उघडली.
माझा पिवळा शालू. निऱ्यांच्या आतल्या घडीत
असाच एक, तळहाताएवढा.
मांडवाच्या केळीला मी टेकले होते,
अक्षता पडायच्या आधी, दहा मिनिटं.
कशासाठी टेकले, ते कुणी विचारलं नाही.
मायनं डाग बघितला फक्त,
म्हणाली, हा जात नसतो, आत दुमडून नेस.
एकोणीस वर्षं तशीच नेसते मी,
लग्नकार्यात, हळदीकुंकवाला.
घडी आता हाताला पाठ झालीय.

शालू ठेवला. शर्टावर इस्त्री फिरवली,
खांद्यावर दोनदा जास्त.

रात्री दिगंबरनं विचारलं, निघाला का?
फिका झाला, म्हणलं.
त्यानं शर्ट बल्बखाली धरला,
बराच वेळ बघितला,
आन् म्हणला,
हाव, झालाय की फिका.