कुटुंबप्रमुख

मोखोत्लोंगच्याही वर, जिथे खेचर थांबून विचार करतं,
तिथवर जनगणनेचा माणूस चढून आला.

"कुटुंबप्रमुख?"
लिनेओने हात वर केला, शाळेत करतात तसा.
वय अकरा.

आजी आहे, पण तिला दिवस-रात्र एकच.
धाकटा लापशी ढवळतोय.
आई डर्बनला, कुणाची तरी मुलं सांभाळते.
बाप खाणीतून खोकला घेऊन आला,
आता पीचच्या झाडामागे, दगडांखाली.

तो लिहीत गेला.
वीस ते पन्नासचे रकाने कोरेच,
घरामागून घर.

"आईला खोडू नका. तिचं कांबळं इथेच आहे."

पेन्सिल थबकली.
नियम सरळ होता:
काल रात्री इथे कोण झोपलं?

"त्या कांबळ्यात मी झोपते," लिनेओ म्हणाली,
"अर्धी तरी मोजा."