सातिबाल्दीचा हॉर्न

पामीरच्या पठारावर पहाटे उणे तीस.
इंजिनाच्या पोटाखाली ब्लोलँप धरून
मी उकिडवा बसतो.
गाडी ब्याऐंशीची, रुसवे त्याहून जुने.

दुसरा गिअर हवा तर आधी चौथ्याला विचारायचं.
डावं दार आतून उघडत नाही, उजवं बाहेरून.
खिंडीत फ्युएल पंप गुदमरला
की त्याच्यावर ओलं फडकं,
ताप चढलेल्या पोरासारखं.

तिथं थांबलेल्या गाडीला कुणी ओलांडून जात नाही.
इसाबेकनं मला फॅनबेल्ट दिला,
मी तो बुरुलला.
अजून फिरतोय खोऱ्यात.
मुळात कुणाचा, कुणालाच आठवत नाही.

सातिबाल्दी गेला, तेव्हा त्याची गाडी आम्हीच खोलली.
बायकोनं चहा दिला, पैसे घेतले नाहीत.
मागची सीट तेवढी ठेवून घेतली,
उन्हात बसायला.
रेडिएटर इसाबेकला, स्प्रिंगा करामतला,
माझ्या वाट्याला हॉर्न. तोतरा.

तिच्या दारावरून जाताना हात आवरतो मी.
एकदाच वाजला, खड्ड्यात, आपोआप,
तर त्याचा म्हातारा कुत्रा
लंगडत रस्त्यापर्यंत आला.
एकेक चाक हुंगलं.
चौथ्यापाशी बराच वेळ थांबला.

ते चाक कुठून आलं होतं,
मला काही केल्या आठवेना.