गुडघ्याएवढ्या उंचीवर

पहिल्या महिन्याच्या कार्डात निघाले
एकोणीसशे बारा फोटो.
अठराशे चाळीस कुसळीचे.
वारं आलं, गवत हललं, फोटो.
वारं गेलं, गवत उभं राहिलं, फोटो.
बाकी शेळ्या, एक मुंगूस,
आणि कॅमेरा बांधून परत निघालेली माझी पाठ,
खाकी, घामाचा नकाशा उमटलेली.
साहेब म्हणाले, मॅडम, येडशीच्या रानातल्या
गवताची गणना झाली. आता जनावरांची करा.

मग रोजंदारीवर गुलचंद काळे आला
पल्याडच्या पेढीवरनं.
त्यानं आधी कॅमेरा बघितला नाही, वाट बघितली,
उकिडवं बसून, सावली एका अंगाची दुसऱ्या अंगाला जाईस्तोवर.
"तुम्ही बांधलाय माणसाच्या छातीला," म्हणाला,
"तितनं माणूसच दिसनार."
पट्टा सोडला. धावड्याच्या बुंध्याला
गुडघ्याएवढ्या उंचीवर आवळला.
तोंड उत्तरेला, सूर्य डोळ्यात जाऊ नये म्हणून.
वाटेला सरळ नाही, तिरका:
यंत्र जागं होईस्तोवर
आडवं जनावर निघून जातं, शेपूट तेवढी घावते.
पुढची कुसळी चार हात विळ्यानं साफ.
"आन् जुना सेल नव्याशेजारी घालू नगा.
जुना नव्याला पितो."

मग म्हणाला, चालू करा,
आणि चार पायांवर रांगत आला.
साठीचा माणूस. गुडघे करकरले.
मान खाली, खांदे एकामागून एक,
मधेच थांबून हवा हुंगली,
जिथं बिबट्या थांबला असता तिथंच.
लाल ठिपका लुकलुकला.
मला हसू आलं, मग आलं नाही.
ह्याच धावड्याखाली त्याच्या बापानं
तित्तिराला फासे लावलेले. न विचारता सांगितलं.
"फासं काय न् ह्ये काय, हिशोब त्योच.
फकस्त हितं घावलेलं घरी जातं."

जानेवारीत साळिंदर, काटे फुलवून.
दोन तरसं. कोल्हीण, मागं तीन पिल्लं.
लांडग्याचा एक कान.

फेब्रुवारीत दोन नंबरचा कॅमेरा चोरीला गेला.
ठाण्यातले आधी पेढीवर गेले,
पंचनाम्याला नंतर आले.
गुलचंद तीन दिवस दिसला नाही.
चौथ्या दिवशी आला, डावा डोळा मिटलेला,
विचारलं, "सेल बदलले का?"
कॅमेरा पुढं मुरूम उपसणाऱ्या ट्रॅक्टरच्या
टूलबॉक्सात सापडला.
ते सांगायला पेढीवर कुणी गेलं नाही.
मीही नाही.

मे. भर दुपार. पाणवठा क्रमांक तीन.
टाकीच्या कडेला ओल्या गाळात पंजे,
ताजे, काठ अजून न सुकलेले,
कॅमेऱ्यापासून सहा हातांवर.
कार्डात काहीच नाही.
सेल भरलेले, तारीख बरोबर, काच पुसलेली.
मी पुन्हा बघितलं. काहीच नाही.
गुलचंदनं तळवा खडकावर ठेवला,
मग स्वतःच्या गळ्यावर.
"यंत्र ऊब वळखतं न्हवं?
आज समदंच एका उबेचं हाय,
दगूड, वारं, त्यो, मी.
कुनाला निवडंल?"

रजिस्टरात रकाने छापून येतात.
दिनांक, वेळ, ठिकाण, प्राणी, छायाचित्र क्रमांक.
मी लिहिलं: बिबट्या, बहुधा नर.
छायाचित्र: नाही.
रकाना उरला नव्हता म्हणून समासात, उभ्या अक्षरांत:
ठसे ओळखणारा साक्षीदार, गुलचंद धनसिंग काळे.
वाचा म्हणाला. वाचलं.
परत वाचा म्हणाला.
"कागदावर नाव आधी बी आलंय," म्हणाला,
"पर दुसऱ्या रकान्यात."

मग उठून पट्टा सोडायला लागला.
सावली सरकली होती,
कॅमेरा हिवराच्या पलीकडं न्यायचा होता.