पाचवं शून्य

रुवीत गुरुवारी संध्याकाळी
एक्स्चेंजच्या दारातून आधी उष्मा आत येतो,
मग सिमेंट लागलेले बूट,
मग माणसं.
चार नंबरच्या काचेमागे मी.
काचेला खाली अर्धचंद्राएवढी फट,
तिच्यातून रियाल येतात घामानं मऊ झालेले
आणि पावत्या जातात, कडक.

हनीफ सोलकर कधी कागद आणत नसे.
सहा वर्षं तो कोड तोंडपाठ म्हणायचा,
सतराच्या पाढ्यासारखा, मध्ये एकदा श्वास घेऊन:
चार अक्षरं बँकेची,
मग शून्य,
मग सहा आकडे लांज्याच्या शाखेचे.
"शून्य हां ताई, ओ नाही."
दर महिन्याला हेच,
जणू मी कधीतरी मैमुनाचे पैसे
ओच्या विहिरीत टाकले होते.

एकदा विचारलं त्यानं, हे शून्य कशाला?
बँकेचं नाव झालं, शाखेचा नंबर झाला,
मध्ये हे कोण रिकामं बसलंय?
मी म्हटलं, राखून ठेवलंय,
पुढंमागं लागलं तर.
"म्हणजे माझी खाट," तो म्हणाला.
"पडवीत आहे. पोरांना झोपू देत नाही ती."
मागचा फोरमन घड्याळ बघत होता.
मी शिक्का मारला.

त्या गुरुवारी मात्र फोन पुढं केला.
"नवा कोड आलाय ताई. आपली बँक दुसरीत गेली म्हणे.
खातंपण नवं. आज नाही पाठवले तर अडकतील."
मेसेजच्या माथ्यावर बँकेचं चिन्ह, तळाशी नमस्कार.
बँका जातात एकमेकींत, कोडही बदलतात,
हे काही खोटं नाही.
लबाडाला अर्धं खरं लागतंच, विरजणासारखं.

अकरा जागा भरल्या.
पाचवं शून्य जिथल्या तिथं.
चोराचंही त्यावाचून चालत नाही.
मग पडद्यावर शाखा उघडली:
कुठल्याशा दूरच्या राज्यातलं एक गाव,
जिथल्या दुकानांच्या पाट्या
मैमुनाला वाचताही आल्या नसत्या.

"सोलकर, घर हलवलंत का?"

एसीच्या आवाजात
कोणीतरी एकशे बारा नंबर पुकारला.
तो काचेकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.
"घर कसं हलेल," तो म्हणाला,
"विहिरीला आत्ता कुठं पाणी लागलंय."

"मैमुनाला फोन करा. मेसेजमधल्या नंबरावर नको,
तिच्या नंबरावर. तिला शाखेत जाऊ द्या."
एकशे चाळीस रियाल
फटीतून परत सरकवले.
त्यानं ते तिथंच उभं राहून
दोनदा मोजले.

मी काही फार हुशार नाही.
मागच्या मे महिन्यात रांग दारापर्यंत होती,
एका पोराला मी विचारलं नव्हतं.
शाखा दिसत होती मला. दिसली होती.
वाटलं, असेल भाऊ तिकडं कामाला.
तो पोरगा आता समोरच्या एक्स्चेंजला जातो.
चहाच्या टपरीवर भेटला तर
आधी तो मान वळवतो, मग मी.

दोन गुरुवारांनी सोलकर आला.
फोनवर फोटो: वहीचं पान, दुरेघी,
पोराची असावी.
मैमुना स्वतः गेली होती शाखेत,
दीड तास बाकड्यावर बसून
साहेबाकडून लिहून घेतलं होतं,
मग घरी येऊन आपल्या अक्षरात पुन्हा.
बँक होती तीच. कोड होता तोच.
फक्त पाचव्या जागी,
शून्याच्या पोटातून
तिनं एक तिरकी रेघ ओढली होती,
पेन दाबून,
पान जवळजवळ फाटेल इतकी.

आज त्यानं पाढा म्हटला नाही.
फोन काचेला टेकवून धरला.
मशीनमध्ये रेघेला जागा नसते.
मी साधंच शून्य दाबलं.