ताबा

खेडहून निघालो तेव्हा सहा वाजले होते आणि उजाडलं नव्हतं,
म्हणजे उजाडलं असणार, दिसत नव्हतं.
मोज्यांवरून दुधाच्या पिशव्या, छातीशी जुनं वर्तमानपत्र,
आरसी बुक तीन पिशव्यांत, एकात एक.
वासंती म्हणाली, टेम्पोत घालून पाठवा.
टेम्पोवाला अडीच हजार मागतो, मी म्हणालो.
कारण ते नव्हतं. तिलाही माहीत होतं.

भोस्ते घाटात ढग रस्त्यावर बसलेले, गुरांसारखे,
हॉर्न दिला तरी उठेनात.
परशुरामला डोंगराची लाल माती नव्या काँक्रीटवर उतरलेली,
एक जेसीबी, दोन माणसं,
आणि वाहनं थांबवणारा पोरगा,
ज्याचं निशाण भिजून नुसती काठी झालं होतं.

सावर्ड्याला हेल्मेटच्या काचेत आतून पाऊस सुरू झाला.
काच वर घ्यावी तर थेंब खडीसारखे डोळ्यांत,
खाली घ्यावी तर माझाच श्वास.
डॉक्टर म्हणाले होते, उजव्यात मोतीबिंदू, डाव्यात सुरुवात,
रात्री आणि पावसात तर नकोच.
समोरच्या एसटीचे दोन दिवे मला सहा दिसतात.
सहांच्याही डावीकडून जायचं, एवढं ठरवलंय.

आरवलीला थांबलो.
गरम पाण्याच्या कुंडावर कोणी नव्हतं.
हातमोजे सोलून काढले. बोटं माझी वाटेनात,
बाजारात वाट्यावर मांडलेल्या शेंगा जशा.
मनगटापर्यंत बुडवली.
वरून गार, खालून ऊन, मध्ये मी,
आणि मागे गाडी, तापल्या सायलेन्सरवर थेंब घेत
चर्र चर्र करत उभी,
घरात कोणी फोडणी टाकावी तशी.

बावनदीच्या पुढे दुसरा गिअर सुटून न्यूट्रल पडला.
नेहमीचंच. पाऊस असला की ती असं करते,
काही माणसं पाहुण्यांसमोरच अडखळतात तसं.
निवळीच्या चढाला प्लग ओला.
रेनकोटात हात घालून आतल्या शर्टाला पुसला,
काखेजवळ,
तेवढी एकच जागा कोरडी होती माझ्यात.

लांजा. वाटूळ. ओणी.
पाट्या दिसल्या नाहीत, खड्डे ओळखीचे होते.
राजापूर सोडून किनाऱ्याकडे वळलो आणि सडा लागला.
सड्यावरचा पाऊस आडवा धावतो,
कातळावरून थेट बरगडीत.
गाडी वाऱ्यावर तिरकी रेलून धरली तेव्हा सरळ चालली.
बावीस वर्षांत हे एक नीट जमलं.

पुढे मोरीवरून पाणी.
इरल्याखाली एक म्हातारा उभा, नजर पलीकडच्या गडग्यावर.
तिसऱ्या चिऱ्याला आहे, म्हणाला. दुसऱ्याला उतरलं की जा.
पाऊण तास आम्ही दोघं एका चिऱ्याकडे बघत होतो.
मध्ये एकदाच बोलला:
ॲव्हरेज किती देते?

जैतापूरला बिलाल पुलाच्या अलीकडे थांबलेला,
डोक्यावर चटईएवढं निळं प्लास्टिक.
बंदी उठली की मागे मासळीचे क्रेट लावणार आहे.
काका, काही त्रास?
दुसरा गिअर, म्हणालो. चोक अर्धाच ओढ.
पावसात हॉर्नवर विसंबू नको.
आरवलीचं सांगितलं नाही.

पैसे त्याने मोजून दिले, मी न मोजता घेतले.
एका किकमध्ये सुरू झाली.
मला तीन लागायच्या.

मग मी स्टॉपवर, हातात हेल्मेट,
आणि काहीतरी चुकतंय असं बराच वेळ वाटत राहिलं.
पाऊस तोच होता.
फक्त वरून पडत होता, सरळ, कोणावरही पडावा तसा.
बावीस वर्षं तो मला समोरून यायचा.

एसटीत कंडक्टरने हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
राजापूर एक, मी म्हणालो.
फळीवर ठेवलं ते. थेंब थेंब गळत राहिलं
खाली बसलेल्या बाईच्या पिशवीत, कोथिंबिरीवर.
मी उठून काढायला गेलो तर म्हणाली,
असूं दे. ताजी ऱ्हाईल.