उजवा ऑल्ट

दुकानातला पोरगा, झ्येमोवित,
कानाच्या पाळीत भिकबाळी मावेल एवढं भोक,
काउंटरवर पाच कीबोर्ड मांडून म्हणाला,
दाबून बघा, लाजू नका.

मी लाजत नव्हते, मोजत होते.
खिडकीपासून हीटरच्या पाइपपर्यंत माझं टेबल
बहात्तर सेंटीमीटर.
पंचेचाळीस जुना कीबोर्डच खातो.
उरल्यात चहा, चष्म्याचं घर आणि माउस.
परवा ऐन लढाईत माउस कपावर आपटला
आणि स्टव्हँगरच्या गोदीवरून ग्न्येफ्को ओरडला,
आई, मेलीस परत!

टायपिंगला हवाय की गेमिंगला?
दोन्हीला.
सकाळी नऊ ते तीन मी मृत्यूच्या जाहिराती लिहिते.
बिडगॉश्चमधलं आमचं कार्यालय बंद झालं,
लोक मरायचे थोडेच थांबले,
म्हणून घरून.
फोनवर कुणाची मुलगी सांगते, कुणाचा जावई सांगतो,
शब्दाला दर आहे,
म्हणून रडता रडताही विशेषणं गाळतात.
रात्री नऊनंतर पोराबरोबर बर्फातले किल्ले.

निळ्या कळा आधी दाबल्या. टक् टक् टक्.
छातीत लख्ख झालं,
बावीस टाइपरायटर एका खोलीत,
शेवटच्या ओळीला सगळ्यांची एकच घाई.
पण खालच्या मजल्यावर पानी यादविगा
अकराला झोपते आणि साडेअकराला झाडूचा दांडा छताला मारते.
निळ्या नकोत.

लाल कळा लोण्यासारख्या.
बोट नुसतं टेकलं तरी तलवार चालते,
आणि नुसतं टेकलं म्हणून
कुणा 'प्रिय'चे तीन प्रिय होतात.
तपकिरी कळेला मध्ये एक बारीकसा उंबरठा.
तो ओलांडला की कळतं, अक्षर पडलं.
मला असं कळलेलं बरं वाटतं.

मग आकार. एकसष्ट कळांचा एक,
पोळपाटाएवढा, देखणा.
त्याला बाण नाहीत.
मागं कसं जायचं, मी विचारलं.
दोन कळा एकदम दाबून, तो म्हणाला, सवय होते.
सासऱ्याच्या आधी सासूचं नाव हवं होतं,
असा फोन दिवसातून चारदा येतो, बाळा.
मला मागं जायला साधी वाट लागते.

अडुसष्टवाल्याला बाण होते.
मी टाइप करायला घेतलं आणि अडले.
आमचा काट मारलेला एल
उजवा ऑल्ट धरूनच उमटतो,
आणि यात उजव्या ऑल्टच्या जागी
भलतीच काहीतरी कळ.
तो एल नसेल तर आमच्या भाषेत
'वारला' लिहिता येत नाही.
सबंध शहरात कुणाला मरता यायचं नाही.
माझं नावही अर्धवट राहील, बोगुमिवा,
त्यातही तोच.

त्यानं काउंटरखालून सहावा काढला.
राखाडी, बाण असलेला,
उजवा ऑल्ट अंगठ्याखाली, आपल्या जागी.
मी हाताला येईल ते लिहिलं,
माझं नाव, आणि पुढं बाईसाठीचं 'वारली'.
पडद्याकडं बघून पोराचा चेहराच उतरला,
कुणी जवळची होती का?
छे रे, म्हटलं, एल तपासतेय.
त्यानं दहा टक्के सूट दिली.
मी घेतली.

आता टेबलावर पंधरा सेंटीमीटर मोकळे आहेत.
माउस ऐसपैस फिरतो,
काल तर मी ग्न्येफ्कोला पुलावरून ओढून वाचवलं,
तो दोन मिनिटं गप्प होता,
मग म्हणाला, जेवलीस का?

फक्त तारखा लिहिताना,
जन्म आणि तो दुसरा आकडा,
उजवा हात अजून आकड्यांच्या जुन्या चौकटीकडं जातो.
तिथं आता कप असतो.
दिवसातून दोनदा तरी
माझं बोट चहात बुडतं.